शिमग्याआधी लावलेली काकडी

वसंत म्हटलं की लोकांना काय काय सुचतं. कुणाला पळस आठवतो, कुणाला आंब्याचा मोहोर. मला घमेलं आठवतं. फाल्गुन लागला की आमच्या पनवेलच्या परसात इतकी कामं येऊन पडतात, की मान वर करून मोहोर बघायलाही सवड होत नाही. थंडीतल्या भाज्या संपत आलेल्या असतात आणि उन्हाळ्यातल्या अजून बियांतच झोपलेल्या असतात. मधल्या थोड्या दिवसांत जमीन उघडी पडते, आणि जमीन उघडी पडली की आमच्या घरात भांडणं होतात. ती व्हावीत, असंच आता माझं मत आहे.

आज सकाळी गवती चहाचा बुंधा खणून काढला. वर्षभरात तो इतका माजतो की शेजारच्या पुदिन्याला श्वास घेऊ देत नाही. खणून काढायचा, पाती वीतभर ठेवून छाटायची, बुंधा हातांनी फोडून त्याचे चार-पाच गड्डे करायचे आणि लांब लांब लावायचे. पात्यांच्या कडांनी बोटं चिरतात. हातमोजे आहेत, मुलीनेच आणून दिलेत, पण मातीत काम करताना मला ते नकोसे होतात. बोटांना झोंबत होतं आणि हाताला तो लिंबासारखा वास येत होता. तेवढ्यात ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "खोल नको लावू गो, कुजंल." मी मुकाट्याने गड्डा वर उचलला, कारण त्यांचं बरोबर होतं. त्यांचं पुष्कळदा बरोबर असतं, आणि तीच तर माझी खरी अडचण होती.

आमचं घर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. पुढे रस्ता, मागे परस. परसाच्या भिंतीपलीकडे पूर्वी भातखाचरं होती. आता तिथे उंच इमारती आहेत आणि नव्याने उभ्या राहणाऱ्या आणखी एकीची धूळ आमच्या मिरच्यांवर बसते. सासूबाईंच्या सासरची शेती जवळच्या नेरे गावाच्या वाटेवर होती. ती गेली. कशी गेली हे सांगायला बसले तर लेख तिथेच संपेल. त्यांच्या हाताशी राहिलं ते एवढं परस, आणि सगळ्या शेतीचा रुबाब त्यांनी या तुकड्यावर आणून ठेवला. नोकरीवरून दमून आलेल्या सुनेने अळूच्या पानाला धक्का लावला तरी त्यांना स्वयंपाकघरातून कळतं.

फाल्गुनातली कामं मी त्यांच्याकडूनच शिकले. मी फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला कोथिंबीर फक्त जुडीतली माहीत होती. वालाचे वेल वाळले की ते मुळासकट उपटायचे नाहीत, जमिनीलगत कापायचे, मुळं आतच राहू द्यायची. थंडीत मडक्यात शेंगा भाजून पोपटी करतात, तिच्यातून वाचलेल्या शेंगा वेलीवरच खडखडीत वाळवून बियाण्याला ठेवायच्या. कोथिंबीर फुलावर आली की सगळी काढायची नाही, कोपऱ्यातली चार ताटं ठेवायची, म्हणजे मधमाश्या येतात आणि पुढे धनेही मिळतात. कढीपत्त्याचा शेंडा निर्दयपणे मारायचा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या, नाहीतर ती बी धरून वाळून जाते. वाफे खणून ढेकळं उन्हात तापत ठेवायची. मग शेणखत. मग पाणी. हे सगळं सासूबाईंनी मला समजावून कधी सांगितलं नाही. मी चुकले की त्या ओरडल्या, आणि ओरडण्यांची बेरीज होऊन मला बाग यायला लागली.

त्यांच्या ओरडण्यात दोन नियम असे होते की ज्यांच्यापुढे अपील नव्हतं. पहिला नियम, शिमगा झाल्याशिवाय काकडी, दुधी, कारली यांचे वेल लावायचे नाहीत. दुसरा, बाईने चार दिवस परसात पाऊल टाकायचं नाही. तुळस तर सोडाच, मिरचीलाही हात लावायचा नाही. "येल जलतो," एवढंच त्या म्हणायच्या. दोन्ही नियम त्याच आवाजात, त्याच चेहऱ्याने सांगितलेले. का, असं विचारलं तर एकच उत्तर, "हाय ते हाय."

माझ्या माहेरी शिकलेले लोक होते, तरी तिथेही आईला दर महिन्याला कावळा शिवायचाच. लहानपणी मी त्या कावळ्याची फार वाट बघितली. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खिडक्यांच्या घरात तो येतो कुठून, आणि फक्त आईलाच कसा शिवतो, बाबांना का नाही, हे मला उलगडायचं नाही. पुढे उलगडलं. सासरी आल्यावर मी चार दिवसांचा नियम पाळला, खरं सांगायचं तर थोडा खुशीनेच पाळला. ऑफिस, डबे, घर या रगाड्यात चार दिवस कुणी पाणी घालायला सांगत नाही, हे काही वाईट नव्हतं. मी खिडकीच्या गजांशी उभी राहून चहा प्यायचे आणि सासूबाई झारी घेऊन फिरायच्या. माझ्यामागे एक छोटी मुलगी उभी राहून हे सगळं बघत असते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ती मुलगी म्हणजे रिद्धी. आता ती खारघरच्या कॉलेजात जाते. मी सांगते आहे तो फाल्गुन ती सातवीत असतानाचा. त्या वर्षी तिने थंडीभर एकच धोशा लावला होता, मला माझा स्वतःचा वेल पाहिजे. आजीच्या वाफ्यात मदत नको, माझा एकटीचा. भिंतीलगतची हातभर जागा मी तिला दिली. तिने स्वतः खणून आळं केलं, गोल, मधे खड्डा आणि भोवती मातीचा कट्टा. आळं बघून सासूबाईही म्हणाल्या की हात चांगला हाय पोरीचा.

शिमग्याला अजून अवकाश होता, पण ऊन असं तापलं होतं की मला धीर धरवेना. सासूबाई माहेरच्या गावी भाच्याच्या हळदीला गेल्या होत्या. आमच्याकडच्या हळदी म्हणजे रात्रभराचं प्रकरण, दोन दिवस तरी त्या परत येत नाहीत. त्यांची पाठ वळल्याबरोबर मी काकडीचं बी भिजवलं आणि ओल्या फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात उबेला ठेवलं. रविवारी सकाळी फडकं उघडलं तर पांढरेशुभ्र मोड. रिद्धीला हाक मारली तर ती बाथरूममधून बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "मम्मी, मला वाटतं ते झालंय."

तिला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मी पुन्हा सांगितलं, गरम पाण्याची पिशवी दिली, जवळ घेतलं. ती रडली नाही. ती स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघत होती, उघड्या फडक्याकडे. मग तिने विचारलं, "म्हणजे आता मी काकडी लावायची नाही ना?"

या प्रश्नाला मी आजपर्यंत माफ केलेलं नाही. तिला पोटात दुखत होतं, ती घाबरली होती, आणि तिला पहिली काळजी कसली पडली, तर आपल्या हाताने काही जळेल याची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती गजांमागे उभ्या असलेल्या मला बघत मोठी झाली होती. माझं डोकं असं तापलं की मी फडकं उचललं, तिचा हात धरला आणि म्हटलं, "चल." तिने एकेक बी आळ्यात घातलं, वर भुसभुशीत माती ओढली, ओंजळीने पाणी घातलं. मग तिथेच पायरीवर बसून पोटाशी पिशवी धरून ती आळ्याकडे बघत राहिली.

सासूबाई सोमवारी आल्या. नातीची बातमी ऐकून त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी पदर खोचून आधी शिरा केला, तिच्यावरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, बाय माजी मोठी झाली म्हणून तीनदा तिचा मुका घेतला. रिद्धी खुश होऊन म्हणाली, "आजी, मी काल माझी काकडी पण लावली." सासूबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू लावू दिलंस?"

"मीच लावायला नेलं तिला," मी म्हटलं.

"शिमग्याच्या आदी, आनि असल्या दिवसांत. जलंल ते. बग तू."

दिनेश, म्हणजे माझा नवरा, अशा वेळी दूध आणायला जातो. घरात दूध असलं तरी जातो. तो गेला. शिरा मात्र सगळ्यांनी खाल्ला, कारण शिरा चांगला झाला होता.

काकडी उगवली. जाड, चकचकीत दोन दोन दलं वर आली. रिद्धी शाळेत जाताना आणि आल्यावर तिथे बसायची. आणि एका सकाळी तिने मला ओढत नेलं. दलांची चाळण झाली होती. दुसऱ्या दिवशी चाळणही राहिली नाही, नुसत्या काड्या. सासूबाई मागून आल्या, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बगितलं?" त्या आवाजात विजय नव्हता, हे मी मान्य करते. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

त्यानंतर रिद्धी परसात गेली तर हात पाठीशी बांधून उभी राहायची. कोथिंबीर खुडून आण म्हटलं तर म्हणायची, तूच आण. तिचे दिवस कधीच संपले होते, तरीही. एकदा मी तिला पानओव्याचं एक पान तोडायला सांगितलं, भज्यांना हवं होतं, तर ती म्हणाली, "नको मम्मी, माझ्या हाताने मरतं." बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या हाताविषयी असं बोलली. एक काकडी गेली तर बाजारात दुसरी मिळते. हे मात्र मिळणार नव्हतं.

त्या महिन्यात माझे दिवस आले तेव्हा मी सुट्टीची सकाळ गाठली. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी झारी भरली, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आई, आज माझा दुसरा दिवस आहे." त्यांना वाटलं मी आत जाऊन पडते असं सांगते आहे. मी परसात उतरले. आधी मिरचीला हात लावला. मग वांग्याला, पुदिन्याला, अळूच्या प्रत्येक पानाला, कढीपत्त्याच्या खोडाला, गवती चहाला. लपंडावात राज्य आलेल्या पोरासारखी मी एकेकाला शिवत सुटले आणि शिवताना मोठ्याने नाव घेत होते. रिद्धी स्वयंपाकघराच्या गजांपाशी आली. शेवटी मी तुळशीपाशी गेले. तेव्हा सासूबाई बोलल्या, "तुलस तरी सोड गो."

मी थांबले.  पण गजांमागे ती उभी होती. मी म्हटलं, "मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर ती वाळते. तुम्हीच शिकवलंत." आणि सगळ्या मंजिऱ्या खुडल्या.

काही जळलं नाही. अर्थात जळलं नाही असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण उन्हाळा तोंडावर आला की रोज काही ना काही वाळतंच. मिरचीचं एक पान पिवळं पडलं तरी ते माझ्या नावावर जमा व्हायला लागलं. सासूबाईंनी परसातली भाजी खाणं सोडलं. एसटी स्टँडजवळ गावाकडून येऊन बसणाऱ्या बायकांकडून त्या स्वतः जाऊन माठ आणि मेथी आणू लागल्या. मी विचारलं, त्या बायका महिन्याचे चार दिवस घरी बसतात का हो? भाजी कापायला, जुड्या बांधायला त्यांच्या घरी पुरुष येतात का? त्या म्हणाल्या, "इकत घेतलेल्याला नसतं." विटाळाला असंही एक दार असतं, हे मला तेव्हा कळलं.

मग शिमगा आला. होळी पेटली, विझली, आणि दुसऱ्या सकाळी सासूबाई दरवर्षीसारख्या घमेलंभर राख घेऊन आल्या. त्यांनी आपले वेल लावले. दलं वर आली त्या दिवसापासून रोज सकाळी, पानांवर दव असतानाच, त्या चिमटीने राख भुरभुरवायच्या. मी चहा घेऊन तिथेच उभी राहायचे. एकदा तांबड्या पाठीचे छोटे भुंगे उडत आले, दलांच्या कडेला बसले आणि राख लागल्याबरोबर उडाले. भिंतीपाशी रिद्धीच्या आळ्यात चार वाळक्या काड्या तशाच होत्या.

कप हातात धरून मी कितीतरी वेळ उभी होते. शिमग्याआधी वेल लावायचा नाही, कारण शिमग्याआधी घरात राख नसते. चुली गेल्या, गॅस आले, राख वर्षातून एकदाच मिळायला लागली, आणि कारण विसरून नियम तेवढा राहिला. तो खरा होता. काकडी माझ्या घाईने मेली होती, भुंग्यांनी खाल्ली होती, पोरीच्या हाताने तिला काहीही केलेलं नव्हतं. दुसऱ्या नियमामागे अशी चिमूटभरही राख नव्हती. मी कितीही शोधली तरी सापडली नसती. पण दोन्ही नियम एकाच तोंडून, एकाच आवाजात आल्यामुळे एकाच्या खरेपणावर दुसरा वर्षानुवर्षं फुकट जेवत होता.

भुंगे मी रिद्धीला दाखवले. तिने बघितले, मान हलवली आणि हात पाठीशीच ठेवले. मुलांना पटवता येतं, पण पटल्यावर धीर यायला वेळ लागतो.

त्यानंतर एका दुपारी आम्ही बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो, मी आणि सासूबाई. रिद्धी पलीकडे पुस्तक घेऊन बसली होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आई, लावणीच्या दिवसांत तुमचे दिवस आले, तर तुम्ही काय करायचात?"

त्या सालं काढता काढता म्हणाल्या, "लावनीला कोन इचारतंय? पाऊस थांबतो का? उतरायचं चिखलात. सगल्या सारख्याच तितं. माजी सासूच बोलायची, चल, पाय उचल."

"आणि मग ते भात जळायचं नाही?"

त्यांची बोटं थांबली. वालाचा दाणा साल अर्धं निघून तसाच चिमटीत राहिला. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी तो राग ओळखते, उत्तर नसताना मलाही तसाच येतो. बोलली ती रिद्धी. पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "आजी, तुझं पोट दुखायचं का गं तेव्हा?"

"दुकायचं तं," सासूबाई म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "लय दुकायचं. एकदा बांधावर बसले व्हते जराशी, तं सासू सगल्यांसमोर बोलली मला." मग त्यांनी तो दाणा सोलून वाटीत टाकला आणि दुसरा उचलला.

 मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि मला नुसता संताप येत होता, त्यांच्यावर नव्हे, त्यांच्यासाठी. ज्या भातावर घर जगत होतं त्या भाताला त्यांचे हात चालत होते. तिथे विटाळ आपण होऊन बाजूला सरकून उभा राहत होता, कारण लावणी खोळंबली असती. आणि घरी परतल्यावर तोच विटाळ त्यांना सांगत होता की तुळशीकडे येऊ नकोस. गरज असेल तेव्हा हात, नसेल तेव्हा विटाळ. या बाईला कधी विश्रांतीचे चार दिवसही मिळाले नव्हते. मी खिडकीशी उभं राहून चहा पीत होते तेवढं सुखही तिला कुणी दिलं नव्हतं.

आता कुणी मला म्हणतं, तुम्ही उगीच घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी वाद घातलात, आणखी थोडी वर्षं गेली असती की आपोआप सुटलं असतं. आपोआप काही सुटत नाही. लव्हाळासुद्धा आपोआप जात नाही, गाठीसकट खणून काढावा लागतो आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा खणावा लागतो. मी अजूनही खणते. परवाच शेजारच्या इमारतीतली एक तरुण मुलगी कढीपत्ता मागायला आली आणि आत यायला कचरली, मी आज नको हात लावायला, म्हणाली. मी तिला फाटक उघडून दिलं आणि सांगितलं, डहाळी तुझ्या हाताने तोड, नाहीतर मिळणार नाही. तिला मी तिऱ्हाईत बाई विचित्र वाटले असेन. वाटू दे.

त्या वर्षी चैत्र लागला तेव्हा सासूबाईंची कंबर धरली होती. तरी एका सकाळी त्या खुरपं घेऊन भिंतीपाशी गेल्या. रिद्धीच्या आळ्यातल्या वाळक्या काड्या त्यांनी काढून टाकल्या, माती हलवली, उरलेल्या राखेतली दोन मुठी राख त्यात मिसळली. मी दारातून बघत होते. त्यांनी हाक मारली, "बाय, हिकडं ये. माजी कंबर वाकत नाय. बी तू घाल."

रिद्धी परसात उतरली. आळ्यापासून दोन हातांवर थांबली. हात पाठीशी. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. सकाळीच तिने माझ्याकडे पॅड मागितलं होतं, ते मला आणि तिलाच माहीत होतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

ती म्हणाली, "आजी, आज माझा पहिला दिवस आहे."

सासूबाईंच्या हातात ओलं फडकं होतं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मी इचारलं का तुला?"

मला वाटलं, झालं. एवढ्यावर आयुष्यभर निभावून नेता येतं, न विचारता आणि न सांगता. मी असते तर तिथेच थांबले असते. त्या एका वाक्याचे आभार मानले असते.

"नाही विचारलंस," रिद्धी म्हणाली. "मी सांगते आहे."

मग ती पुढे झाली, आजीच्या हातातलं फडकं तिने घेतलं, खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती बाजूला केली. सासूबाई तशाच उभ्या होत्या. रिद्धीने मोड आलेलं बी उचलून खड्ड्यात धरलं. 

"मोड खालती ठेव," सासूबाई म्हणाल्या.